सोवळ्यातला रस

५ ऑक्टोबर १९५८, अकोला

वकिलाने पुराव्याशिवाय तोंड उघडू नये, म्हणून आजपासून ही दैनंदिनी. माझे 'आहार आणि रोगप्रतिकारशक्ती' हे पुस्तक जेव्हा निघेल तेव्हा लोक विचारतील, आधार काय? तेव्हा ही पाने पुढे टाकता यावीत.

गेल्या श्रावणात मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉईडने, मला पुरते झोपवले होते. डॉक्टर बापूसाहेब म्हणजे माझा शाळासोबती. त्याने क्लोरोमायसेटिनच्या गोळ्या दिल्या आणि श्रेय स्वतःकडे घेतले. मी मात्र पक्के जाणतो, अंगात जीव आला तो मोड आलेल्या मुगाचे पाणी घ्यायला लागल्यापासून. त्यानंतर मला साधे पडसेसुद्धा झालेले नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

रसाची कृती लिहून ठेवतो. मोडाचे मूग, पालक, गाजर, टोमॅटो, थोडा मध. सगळे कच्चे, कारण विस्तवाने जीवनसत्त्व मरते. विळीला लावायचे नाही, लोखंडानेही ते मरते असे एका मासिकात वाचले. म्हणून मी पहाटे अंघोळ करून, सोवळे नेसून, सगळे स्वतःच्या हाताने कुस्करतो, पंच्याने गाळतो आणि दगडीत, म्हणजे दगडाच्या भांड्यात, झाकून घटकाभर कोवळ्या उन्हात ठेवतो. त्या दगडीला माझ्याशिवाय कोणी शिवायचे नाही. पावित्र्याच्या बाबतीत मी आमच्या वडिलांवर गेलो आहे. ते भिक्षुकी करत, मी कोर्टात करतो, एवढाच फरक.

मी, बायको सिंधू, मुलगी चारुशीला आणि आमच्याकडेच जेवणारा कारकून कमलाकांत असे चौघे आजपासून रोज पेलाभर घेणार. चारू बारा वर्षांची आहे. तिने नाक न मुरडता पेला रिकामा केला आणि विचारले, "बाबा, पुस्तकात माझं नाव येईल?" येईल म्हटले. सिंधू म्हणाली, "मी मागच्या अंगणात उभी राहून घेईन, मला घाईने गिळता येत नाही." घे बाई, कुठेही घे.

१९ ऑक्टोबर

दोन आठवड्यांत फरक दिसतो आहे. ही काही पी हळद नि हो गोरी अशी गोष्ट नाही, पण सिंधूच्या चेहऱ्यावर तेज आले आहे हे आंधळ्यालाही कळेल. मी तिला माझी पहिली साक्षीदार म्हणतो. ती फक्त हसते. मोरीजवळचे अळूही यंदा असे माजले आहे की पाने हातात मावत नाहीत. काय खत घालतेस, म्हणून विचारले तर "कुठलं काय" म्हणाली.

संध्याकाळी बापूसाहेब आला. त्याला पेला पुढे केला. त्याने वास घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"हरिहर, ज्याला पोटभर अन्न नाही तो रोगाला लवकर बळी पडतो, हे मला मान्य. दवाखान्यात रोज बघतो मी. पण ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला आणखी पाजून शक्ती दुप्पट होते, हे तुला कोणी सांगितलं? भरल्या रांजणात ओतलेलं पाणी बाहेरच जातं."

"मग टॉनिकच्या बाटल्या का लिहून देतोस?"

"लोक मागतात म्हणून," तो म्हणाला. एवढा कबुलीजबाब तर खुनाच्या खटल्यातही मिळत नाही.

मग माझ्या हातांकडे बघत त्याने विचारले, "परसाकडून आल्यावर हात कशाने धुतोस?" मातीने, म्हटले, आणि कशाने? साबण सोवळ्यात चालत नाही, त्यात चरबी असते. हरलेला पक्ष असाच विषय बदलतो.

४ नोव्हेंबर

कमलाकांतला ताप. दुखणे कसले म्हणून विचारले तर डोके आणि पोट. कोर्टाबाहेरच्या गाडीवरची भजी खातो, दुसरे काय होणार? शिवाय मागच्या आठवड्यात दोनदा पेला टाळून तो पळाला होता. प्रतिकारशक्तीत खंड पडला की रोग दार ठोठावतो. हे प्रकरण पुस्तकात 'अनियमितपणाचे परिणाम' म्हणून घालावे.

आता रस घेणारे आम्हीच तिघे.

१८ नोव्हेंबर

बाळापूरचा सूर्यभान दोन दिवस मुक्कामाला होता. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा आहे. माणूस तालमीतला, दारातून आत येताना तिरपा होतो. सकाळी रस दिला तेव्हा पेला उजेडात धरून म्हणाला, "वकीलसाहेब, हा पाला तं आमी बैलाले टाकतो."

"म्हणूनच बैल आजारी पडत नाही," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला आणि गटागटा प्यायला. दुसऱ्या दिवशी तर मागून घेतला. "वहिनीसाहेब, तुमी नाई घेत काय?" त्याने सिंधूला विचारले. "माझा झाला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. असा अशील मिळावा. वादही घालत नाही, रसही पितो.

२७ नोव्हेंबर

कमलाकांत उठून कालपासून कामावर येतो आहे. मुदतीचाच ताप होता, बापूसाहेबाने औषध दिले. गालफडे बसली आहेत. मी प्रेमाने पेला पुढे केला तर म्हणाला, "साहेब, आज माझा उपवास आहे." कालही उपवासच, सोमवारचा म्हणाला, आणि काल बुधवार होता. भित्रा आहे. भित्र्याला शक्ती कुठून येणार?

४ डिसेंबर

कोर्टात आज वाईट प्रसंग झाला. सूर्यभानऐवजी त्याचे वडील भगवंतराव आले होते. तारीख वाढवून मागायची म्हणाले.

"पोरगा झोपला हाय, वकीलसाहेब. ताप उतरून नाई राहिला. बडबडते, मायले ओयखत नाई."

मी विचारले, गावात साथ आहे का? नाही. विहिरीचे पाणी? सगळे गाव तेच पिते.

"मंग मले सांगा," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढलाही नाही, "सूर्यभान जल्मात आजारी पडला नाई. ज्वारीची भाकर अन् ठेचा खाते. तुमच्या घरी दोन दिस राहिला, तुमच्या हातचं पेला, अन् पंधरवड्यात आडवा झाला. तुमचा कारकूनबी पडला म्हनते. काहून?"

आजूबाजूला चार वकील उभे होते. मी म्हणालो, "भगवंतराव, एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. कोंबडं आरवल्यानं सूर्य उगवत नाही. मी रोज पितो, माझ्या घरची माणसं रोज पितात. त्यांना काय झालं?"

"मले वाद येत नाई," म्हातारा म्हणाला, "मले पोरगा पायजे." आणि तारीख न घेताच गेला. तारीख मीच घेतली.

घरी सिंधूला आणि चारूला सगळे सांगितले, मुद्दा माझाच बरोबर होता. तरी जेवण गेले नाही.

६ डिसेंबर

आज बापूसाहेब आणि मी शाळेपासूनच्या ओळखीत प्रथमच भांडलो.

तो सिंधूसमोर म्हणाला, "मुदतीच्या तापातून उठलेल्या एखाद्याच्या पित्ताशयात ते जंतू घर करून राहतात. तो ठणठणीत असतो. त्याला काही होत नाही, त्याच्या हातचं कच्चं खाणाऱ्याला होतं. हरिहर, तुझा मैल्याचा नमुना दे. नागपूरला तपासायला पाठवतो."

मैल्याचा! पहाटे अंघोळ केल्याशिवाय मी पाण्याच्या भांड्याला शिवत नाही आणि हा माझ्या मैल्यात रोग शोधणार. म्हणजे ठणठणीत असणे हाच आता आरोप झाला. मी म्हणालो, आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते.

"बरं, नमुना राहू दे. चारूला टायफॉईडची टोचणी तरी देऊ दे."

मी नाही म्हटले. जिची स्वतःची शक्ती वाढते आहे तिच्या अंगात मेलेले जंतू कशाला घालायचे? चारू दारात उभी होती. तिला विचारले तर ती म्हणाली, "बाबा म्हणतील तसं."

बापूसाहेब गेल्यावर सिंधू म्हणाली, "चार दिवस रस बंद ठेवला तर काय बिघडेल?" मी म्हणालो, तू माझी साक्षीदार, तूच उलटलीस तर कसे व्हायचे? तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. डोळ्यांत पाणी कशासाठी होते कळले नाही. बायकांना भांडणाचा त्रास होतो.

अमरावतीहून थोरल्या बहिणीचे, सुभद्राताईचे, बोलावणे आहे. तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहात तिने माझे व्याख्यान ठरवले आहे, बावीस तारखेला. व्याख्यानानंतर मुलींना रस द्यायचा. साठ मुली. एवढे मोठे प्रयोगक्षेत्र आजवर मिळाले नव्हते.

१३ डिसेंबर

चारूला ताप आहे. सिंधूने कपाळाला हात लावला तेव्हा कळले. डोके चार दिवसांपासून दुखत होते म्हणे. का सांगितले नाहीस, विचारले. म्हणाली, "तुम्ही भगवंतरावांना सांगितलं होतं ना, आमच्या घरी कोणी आजारी नाही म्हणून."

साधा सर्दीचा ताप असेल. थंडी पडली आहे. सकाळी दोन पेले दिले, संध्याकाळसाठीही काढून ठेवला. एवढ्या दिवसांची साठवलेली शक्ती आहे, ती वाया जाणार नाही.

१५ डिसेंबर

मुदतीचाच आहे.

बापूसाहेबाने पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, आणि मला बाहेरही बोलावले नाही. तिथेच सिंधूला सांगितले. क्लोरोमायसेटिन सुरू केले. "पाणी उकळून. दूध उकळून. हिच्या तोंडात जे जाईल ते वहिनींच्या हातचं, साबणाने हात धुऊन. हरिहरने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

तो गेल्यावर मी पेला घेऊन खोलीत निघालो. रागाने नव्हे, खरेच सांगतो. पोरीला शक्तीची गरज आता नाही तर कधी? सिंधू दारात उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"बाजूला हो," मी म्हणालो.

"नाही होणार."

लग्नाला सोळा वर्षे झाली. हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. पेला हातात घेऊन मी कितीतरी वेळ तिथे उभा होतो. मग मोरीत ओतला. ओतताना वाटले, उगीच नासाडी.

१७ डिसेंबर

नमुना दिला. बापूसाहेबाला म्हणालो, तुझा दावा फेटाळून लावण्यासाठी देतो आहे. तो म्हणाला, "देव करो आणि फेटाळला जावो." त्याने थट्टेवारी नेले असते तर बरे वाटले असते.

२० डिसेंबर

ताप उतरला! आज सकाळी अंग गार होते. चारूने भाताची पेज मागितली. सिंधू देवापुढे बसून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

आता विचार करू लागलो आहे. कमलाकांतला उठायला तीन आठवडे लागले, सूर्यभान अजून अंथरुणात आहे, आणि चारूचा ताप आठवडाभरात गेला. औषध तर तिघांनाही तेच. मग फरक कशाचा? सर्वांत जास्त रस तिनेच घेतला होता. बापूसाहेबाला हे सांगितले तर म्हणाला, "तिला औषध वेळेवर मिळालं, हा फरक. आणि अजून धोका टळलेला नाही. आतड्याला जखमा असतात. अहवाल येईपर्यंत तू अमरावतीला जाऊ नकोस."

जाणार. साठ मुली वाट बघत आहेत. व्याख्यान रद्द केले तर भगवंतराव म्हणतील, वकील घाबरला.

२१ डिसेंबर, अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. सुभद्राताईने मूग काल सकाळीच भिजवून बांधून ठेवले आहेत, छान मोड आले आहेत. वसतिगृहाच्या बाई, लीलाबाई, उत्साही आहेत. मुली अंगणात रांगेने बसून गाजरे धूत होत्या. त्यातली एक चारूएवढी, तशाच दोन वेण्या. तिने विचारले, "हे प्यायल्यावर आम्ही खरंच आजारी पडणार नाही?"

खरंच, असे मी म्हणायला हवे होते. कोर्टात याहून कच्च्या गोष्टी मी छातीठोक सांगितल्या आहेत. मी म्हणालो, "उद्या सांगतो." असे का म्हणालो ते माझे मलाच कळले नाही.

सकाळी लवकर अंघोळ करून बसायचे आहे.

२३ डिसेंबर, अकोला

काल सोवळे नेसून मुगाच्या परातीपुढे बसलो होतो. हात घालणार एवढ्यात तार आली. चारू गंभीर, निघा. होतो तसा उठलो. लीलाबाई म्हणाल्या, आम्ही करू आमच्या हातांनी, तुम्ही काळजी करू नका. मी म्हणालो, शिजवून उसळ करा. हेही का म्हणालो ठाऊक नाही.

चारूच्या पोटातून रक्त गेले आहे. आतड्याची जखम उघडली. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या आहेत, हाताला सलाईनची सुई. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. ओठ पांढरे. मी हाक मारली तर डोळे उघडले आणि विचारले, "व्याख्यान झालं?"

बापूसाहेब खुर्चीत बसून आहे. घरी जात नाही. माझ्याशी बोलत नाही.

२४ डिसेंबर

पुन्हा रक्त गेले. नाडी लागत नव्हती. मी दगडी उचलली आणि मागच्या अंगणात आपटून फोडली. आवाज ऐकून सिंधू आली, तुकड्यांकडे पाहिले आणि आत गेली.

माझा काय दोष, असे दिवसभर मनात म्हणत होतो. मनालासुद्धा ते मला पटवून देता येत नाही.

२८ डिसेंबर

रक्त थांबले आहे. बापूसाहेब घरी जाऊन झोपून आला. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाळापूरहून निरोप आहे, सूर्यभान उठून बसला. वकील मात्र दुसरा केला आहे. बरोबर केले.

३ जानेवारी १९५९

बापूसाहेब आला आणि ओसरीवरच बसला. म्हणाला, "हरिहर, जंतू सापडले. तुझ्यात."

मी दुसऱ्यांदा तपासायला सांगणार होतो. नमुन्यांची अदलाबदल होते, कारकून चुका करतात, असे सगळे मुद्दे जिभेवर आले होते. त्यातला एकही बाहेर पडला नाही. कमलाकांत, सूर्यभान, चारू. तिघांनाही मी स्वतःच्या हाताने कुस्करून, उन्हात ठेवून, आग्रह करून पाजले. सोवळ्यात. त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या पुढ्यात माझा हात परातीपर्यंत गेला होता.

"रस वाईट नव्हता," बापूसाहेब म्हणाला. "गाजर, मूग चांगलेच. पण त्याने जंतू अडत नाहीत, आणि तू..." मला समजावणीची गरज नव्हती, तरी बरे वाटले.

एकच कोडे राहते. मग सिंधू कशी वाचली? ती तर रोज घेत होती. बापूसाहेबाला विचारले. "एखादा वाचतो," तो म्हणाला आणि घाईघाईने टोपी घातली.

७ जानेवारी

आज चारूला मऊ भात दिला. सिंधूने भरवला. मी दारात उभा होतो, आत जाताना हल्ली हात पाठीमागे जातात. केस गळाले आहेत तिचे, मान बारीक दिसते. भात संपल्यावर तिने मला बोलावले.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही?"

"नाही."

"शाळेच्या सहलीच्या दिवशी मी रस प्यायले नव्हते. उशीर होत होता. म्हणून मला ताप आला. तुमच्या पुस्तकात तसं लिहा, म्हणजे रसाचं नाव खराब होणार नाही."

मी पलंगापाशी खाली बसलो. म्हणालो, "चारू, ताप रसानेच आला. माझ्या हातातून आला. माझ्या पोटात तो रोग लपलेला होता आणि मला तो कळला नाही. बापूसाहेब सांगत होते, मी ऐकलं नाही. तुझी काही चूक नाही."

तिने मान हलवली. माझीच मुलगी, अशी सहजी कबूल होणार नाही. "असं कसं होईल? आई रोज प्यायची. तिला कुठे काय झालं?"

माझाच मुद्दा, माझ्याच शब्दांत. मी सिंधूकडे पाहिले. तिच्या हातात रिकामी वाटी होती. ती खाली ठेवताना वाटी कलंडली, तिने उचलली नाही.

"मी प्यायलेच नाही गं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मला वासानेच मळमळायचं. अळवात ओतून द्यायची. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही. आणि पुढे पुढे तर हे जिकडेतिकडे माझंच नाव घ्यायला लागले. बापूसाहेबांना मी सांगितलं, पण तोवर तुला ताप भरला होता."

मला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. तोंड उघडून ती पुन्हा मिटायची ते सगळे प्रसंग आठवले. तिला बोलू न देण्याइतका आवाज या घरात कोणाचा होता, हे वकिलाला विचारावे लागत नाही.

चारू आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग आईला म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस? मलासुद्धा तो आवडत नव्हता."

सिंधूने कलंडलेली वाटी उचलली. चारू भिंतीकडे तोंड करून निजली.